बारा व्होल्टांची वीज आणि मालकाची पारख

चालू वर्षाच्या स्मरणिकेसाठी धान्यबाजारासंबंधी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची सूचना होती. भाव, आवक आणि करांचे दर यांविषयी आमच्याहून अधिकारी लेखण्या या अंकात लिहितीलच. आम्ही मात्र वखारीशी व मळ्याशी तितक्याच निगडित असलेल्या, परंतु आपल्या बैठकीत फारसा न बोलल्या जाणाऱ्या एका विषयाकडे सभासद बंधूंचे लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे सूर्यप्रकाशावर चालणारी, बॅटरीत साठवलेली आणि वीज कंपनीच्या तारेशी कसलाही संबंध नसलेली लहानशी स्वतंत्र वीजव्यवस्था, तिची सुरक्षित जोडणी व तिची परीक्षा.

आपल्या बेळगाव परिसरात या व्यवस्थेची गरज कोणाला पडते, हे सांगावयास नको. रविवार पेठेतील दुकानास वीज आहे. परंतु खानापूरच्या जंगलपट्टीकडील मळा, रस्त्यापासून दूर असलेली वखार, राखणदाराची खोली, अशा ठिकाणी खांब व तार नेण्याचा खर्च मूळ कामाच्या खर्चाहून अधिक होतो. तेथे दोन सौर पॅनेल, एक बॅटरी व एक इन्व्हर्टर आणून बसविले की चार दिवे आणि एक पंखा सुखाने चालतो. ही सोय उत्तम आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की, ही सोय बाजारातून एक वस्तू आणल्याप्रमाणे आणली जाते, कोणीतरी मुलगा येऊन तारा जोडून जातो, दिवा लागला की मालक समाधान पावतो आणि परीक्षा कोणीच करीत नाही. दिवा लागणे ही जोडणी बरोबर असल्याची खूण नव्हे. चुकीच्या जोडणीवरही दिवा लागतोच.

आम्ही शिक्षणाने मॅट्रिक व व्यवसायाने धान्याचे घाऊक व्यापारी. विद्युत्‌शास्त्राचे पंडित नव्हे. जोडणी परवानाधारक वायरमननेच करावी, हे आमचे प्रथमपासूनचे मत आहे. परंतु पोते फोडून मुठीत नमुना घेतल्याखेरीज आपण गहू घेत नाही. तोलार कितीही विश्वासू असला तरी काट्यावर नजर ठेवतो. तीच पारख या कामीही मालकास यावयास हवी. तीस फार विद्या लागत नाही. एक मल्टिमीटर, एक वही आणि थोडा धीर एवढे पुरते.

थोडा दाब, मोठा प्रवाह

बारा व्होल्टांची वीज हातास झटका देत नाही, म्हणून ती निरुपद्रवी आहे, असा समज सर्वत्र आढळतो. हा समजच सर्व अपघातांचे मूळ होय. मनुष्यास झटका बसणे हे व्होल्टवर अवलंबून असते. तार तापणे हे अँपिअरवर अवलंबून असते. तीनशे वॅटचे काम घरगुती २३० व्होल्टांवर करावयाचे तर दीड अँपिअरही प्रवाह लागत नाही. तेच काम १२ व्होल्टांच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्फत करून घ्यावयाचे तर २५ अँपिअर लागतात. इन्व्हर्टरमधील घट आणि उतरत्या बॅटरीचा कमी दाब हिशेबात धरता हा आकडा ३३ अँपिअरपर्यंत जातो. घरातील दिव्याची बारीक तार येथे लावली तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे बॅटरीची दोन टोके चुकून एकमेकांस जोडली गेली तर होणारा प्रवाह. दीडशे अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीचा अंतर्गत विरोध ओहमच्या काही सहस्रांशांइतकाच असतो. तो ५ सहस्रांश धरला, तरी १२ भागिले ०.००५ म्हणजे २,४०० अँपिअर होतात. एवढ्या प्रवाहाने पाना लाल होतो, तार वितळते आणि शेजारी जे काही असेल ते पेटते. म्हणून बॅटरीवर काम करताना अंगठी, कडे, मनगटी घड्याळ व गळ्यातील साखळी काढून ठेवावी आणि पान्याच्या दांड्यास रोधक पट्टी गुंडाळावी, हा नियम कोणीही मोडू नये. बोटातील सोन्याची अंगठी दोन टोकांमध्ये सापडली तर ती काढण्यास वेळ मिळत नाही.

तिसरी गोष्ट ठिणगीची. आपल्या घरातील ए. सी. प्रवाह सेकंदास शंभर वेळा शून्यावर येतो. त्यामुळे बटण बंद करताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा व पॅनेलचा डी. सी. प्रवाह शून्यावर येतच नाही. बटणाची टोके दूर झाली तरी मधली ज्योत टिकून राहते व बटणच जाळते. यास्तव घरगुती बटण किंवा घरगुती एम. सी. बी. पॅनेलच्या बाजूस बसविणे सर्वथा अयोग्य होय. डी. सी.साठीच बनविलेला आणि तसा छाप असलेला एम. सी. बी. घ्यावा. त्यांतील काहींवर धन व ऋण टोकांच्या खुणा असतात. त्या खुणांप्रमाणेच तो जोडावा, अन्यथा तो ऐन वेळी ज्योत विझवू शकत नाही.

आधी खतावणी, मग खरेदी

कोणतीही वस्तू खरेदी करण्यापूर्वी गरजेची खतावणी मांडावी. एका साध्या वखारीचे उदाहरण घेऊ. नऊ वॅटचे चार दिवे रोज पाच तास, म्हणजे १८० वॅट-तास. अट्ठावीस वॅटचा एक बी. एल. डी. सी. पंखा आठ तास, म्हणजे २२४. दहा वॅटचा इलेक्ट्रॉनिक काटा चार तास, म्हणजे ४०. मोबाइल व किरकोळ वस्तूंसाठी २० वॅट तीन तास, म्हणजे ६०. एकूण ५०४ वॅट-तास. मार्गात, बॅटरीत व इन्व्हर्टरमध्ये होणारी घट लक्षात घेता पॅनेलकडून ७२० वॅट-तासांची अपेक्षा धरावी.

आता ऊन किती? पॅनेलवर छापलेले वॅट हे भर उन्हातील होत. संपूर्ण दिवसाचे ऊन एकत्र करून भर उन्हाच्या तासांत मोजले, तर आपल्याकडे उन्हाळ्यात ते पाच-साडेपाच तास भरते. परंतु जून ते सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत अडीच तास धरणेच शहाणपणाचे. खानापूरकडे सतत झड लागली तर तेवढेही मिळत नाही. ७२० भागिले अडीच म्हणजे २८८ वॅट. म्हणून १६५ वॅटची दोन पॅनेले, एकूण ३३० वॅट, हा हिशेब योग्य ठरतो. उन्हाळ्यात ती गरजेहून अधिक वीज देतील. ती अधिक वीज चार्ज कंट्रोलर आपणहून घेत नाही. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि कल सुमारे सोळा अंशांचा ठेवावा, कारण बेळगावचे अक्षांश जवळजवळ तेवढेच आहेत. झाडाची किंवा टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पन्न पुष्कळच घटते, हेही ध्यानात असावे.

बॅटरी १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर घेतली, तर तिच्यात १,८०० वॅट-तासांचा साठा होतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक माल रोज काढू नये. काढल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. निम्मा म्हणजे ९०० वॅट-तास. आपली रोजची उचल इन्व्हर्टरच्या घटीसह सुमारे ६०० आहे, म्हणजे दीड दिवसाची बेगमी झाली. मोटारगाडीची जुनी बॅटरी या कामास घेऊ नये. ती क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनविलेली असते, रात्रभर थोडा थोडा देण्यासाठी नव्हे. जुनी व नवी बॅटरी एकत्र जोडणे म्हणजे सडका व निरोगी माल एका पोत्यात भरणे होय.

हल्ली लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्याही मिळतात. त्या हलक्या असतात, अधिक खोलवर वापरता येतात व पाणी मागत नाहीत. तथापि त्यांच्या आत बी. एम. एस. नावाचे रक्षक मंडळ असलेच पाहिजे आणि चार्ज कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार तसा ठरविलाच पाहिजे. शिशाच्या बॅटरीसाठी ठरविलेला चढा दाब तिला देऊ नये.

तारेची जाडी आणि जोडणीचा प्रकार

तांब्याची एक चौरस मिलिमीटर जाडीची एक मीटर तार सुमारे ०.०१७२ ओहम विरोध करते. हा एक आकडा पाठ असला की तारेचा सर्व हिशेब घरी बसून होतो. छपरावरील पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत १२ मीटर अंतर असेल, तर जाऊन-येऊन तार २४ मीटर होते. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली तर विरोध ०.१०३ ओहम होतो. छत्तीस घरांचे पॅनेल भर उन्हात १८ व्होल्टांच्या आसपास सुमारे ९ अँपिअर देते. दोन्ही पॅनेले समांतर जोडली तर १८ अँपिअर त्या तारेतून जातील आणि ३३ वॅट, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, तारेतच जळून जाईल. तीच दोन पॅनेले एकसर जोडली तर दाब दुप्पट व प्रवाह निम्मा होतो. नुकसान ८ वॅटवर येते. त्याच तारेत, त्याच पॅनेलांत, एका जोडणीच्या फरकाने एवढा लाभ होतो. मात्र एकसर जोडणीसाठी एम. पी. पी. टी. जातीचा कंट्रोलर लागतो, साधा पी. डब्ल्यू. एम. कंट्रोलर वाढीव दाबाचा उपयोग करू शकत नाही.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. बोजा न जोडलेल्या अशा एका पॅनेलचा दाब २२ व्होल्टांपर्यंत जातो. एकसर दोहोंचा ४४. थंडीत तो आणखी वाढतो; पंचवीस अंशांखाली दर अंशास ढोबळ मानाने हजारी तीन. दहा अंश तपमानाच्या सकाळी ४४ चे ४६ होतात. कंट्रोलरची कमाल मर्यादा याहून पुरेशी वर असावी. ७५ किंवा १०० व्होल्टांची असल्यास चिंता नाही. मर्यादा ओलांडली तर कंट्रोलर त्याच क्षणी निकामी होतो.

बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची तार सर्वांत आखूड व सर्वांत जाड असावी. तीनशे वॅटच्या इन्व्हर्टरसाठी दीड मीटरच्या आत आणि १६ चौरस मिलिमीटर तांब्याची तार ठेवावी. आपला बोजा आज शंभर वॅटच आहे, म्हणून बारीक तार चालेल, असा विचार करू नये. तार इन्व्हर्टरच्या शक्तीप्रमाणे घ्यावी, कारण उद्या कोणी तेथे आणखी काही जोडील ते आपणांस विचारून नव्हे. कंट्रोलरच्या अंगावर बोजासाठी जी लहान टोके असतात, त्यांवर इन्व्हर्टर कदापि जोडू नये. तो सरळ बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजमधून जोडावा.

फ्यूज हा तारेचा जामीन

फ्यूज हा यंत्राचे रक्षण करतो, असे अनेकांस वाटते. वास्तविक तो तारेचे रक्षण करतो. म्हणून त्याचा आकडा दोन मर्यादांमध्ये बसला पाहिजे: नेहमीच्या कमाल प्रवाहाच्या सव्वापट किंवा त्याहून अधिक, आणि तारेच्या सहनशक्तीहून कमी. आपल्या उदाहरणात इन्व्हर्टरची कमाल ३३ अँपिअर, सव्वापट ४१. म्हणून ५० चा फ्यूज व १६ चौरस मिलिमीटरची तार. कंट्रोलर ३० अँपिअरचा. म्हणून ४० चा फ्यूज व १० चौरस मिलिमीटरची तार. दोन्ही फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच असावेत. फ्यूज तारेच्या दुसऱ्या टोकास, इन्व्हर्टरजवळ बसविला, तर मधली सारी तार विनाजामीन राहते.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका व्यापारी बंधूंच्या मळ्यावर हेच घडले. बॅटरीची धन तार पत्र्याच्या कडेवरून नेलेली होती. वाऱ्याने पत्रा हालून हालून तारेचे आवरण झिजले आणि एका रात्री तार पत्र्यास टेकली. पत्र्याचा सांगाडा ऋण बाजूस जोडलेला होता. फ्यूज नव्हताच. तार लाल झाली, आवरण पेटले आणि खाली ठेवलेले रिकामे बारदान धुमसू लागले. राखणदार जागा होता म्हणून दोन गठ्ठ्यांवरच निभावले. तो खोलीत झोपलेला असता, तर आम्हांस या प्रसंगाची हकीगत निराळ्या शब्दांत लिहावी लागली असती. दीड-दोनशे रुपयांचा फ्यूज वाचविण्यात काय वाचले, याचा विचार प्रत्येकाने करावा. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा वेढा घालणे म्हणजे जामीन पळाला म्हणून त्याची सही आपणच करणे होय.

बॅटरीसाठी मोटारीतील काचेचा फ्यूज पुरत नाही. हजारो अँपिअरचा प्रवाह तोडताना तो स्वतःच फुटू शकतो. डी. सी.साठी योग्य असलेला, मोठा प्रवाह तोडण्याची क्षमता छापलेला फ्यूज घ्यावा.

वखारीत बॅटरी कोठे ठेवावी

धान्यव्यापाऱ्यांसाठी हे प्रकरण आम्ही मुद्दाम वेगळे काढले आहे. शिसे-आम्लाची बॅटरी भरत असताना हायड्रोजन वायू सोडते. हवेत तो शेकडा चार झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरी हवेशीर जागी ठेवावी, तिच्या वरच्या बाजूस हवा जाण्यास वाट असावी आणि तिच्या डोक्यावर बटण, फ्यूज किंवा इन्व्हर्टर बसवू नये.

दुसरे, धान्याची उडती धूळ स्वतः ज्वालाग्राही असते. तिसरे, आपण धान्यास कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून वखार बंद करतो. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू प्राणघातक तर आहेच, परंतु तो तांब्यासही खातो. ज्या वखारीत वर्षातून दोन-तीन वेळा धुरी होते, तेथील इन्व्हर्टरच्या आतील तांब्याच्या जोडण्या काळ्या पडून निकामी होतात. या तिन्ही कारणांनी निष्कर्ष एकच: बॅटरी, कंट्रोलर व इन्व्हर्टर धान्याच्या वखारीत नकोत. बाहेर, स्वतंत्र हवेशीर कपाटात किंवा राखणदाराच्या खोलीलगतच्या ओवरीत ते असावेत. मनुष्य झोपतो त्या बंद खोलीतही नसावेत. वखारीत जाणाऱ्या तारा नळीतून न्याव्यात, कारण उंदरास गव्हाइतकेच तारेचे आवरणही प्रिय असते.

बॅटरीत फक्त बॅटरीसाठीचे शुद्ध पाणी घालावे, आम्ल कधीही नाही. ते काम करताना चष्मा व हातमोजे घालावेत. आम्ल सांडल्यास खाण्याचा सोडा टाकावा. डोळ्यात उडाल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने सतत धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

परीक्षेचा क्रम

आता मुख्य विषय. जोडणी झाली, तरी चालू करण्यापूर्वी पुढील क्रमाने परीक्षा व्हावी आणि त्या वेळी मालकाने स्वतः उभे राहावे.

पहिली परीक्षा विजेविना. सर्व फ्यूज काढलेले, सर्व एम. सी. बी. बंद. प्रत्येक जोड हाताने ओढून पाहावा. हालणारा जोड पुन्हा करावयास लावावा. तारेच्या टोकास योग्य मापाचा लग यंत्राने दाबून बसविलेला असावा; उघडी तार पिळून बोल्टाखाली दाबलेली चालणार नाही. धन तार लाल व ऋण तार काळी असावी आणि दोन्ही टोकांस चिठ्ठी असावी. पॅनेलच्या जोड-टोप्या दोन्ही बाजूंस एकाच बनावटीच्या असाव्यात. दिसावयास सारख्या, परंतु भिन्न बनावटीच्या टोप्या आत नीट बसत नाहीत व तापतात.

दुसरी परीक्षा मल्टिमीटरची. प्रथम मीटरचीच पारख करावी. त्याची लाल तार व्होल्टच्या छिद्रात आहे ना, हे पाहावे. ती अँपिअरच्या छिद्रात राहिली आणि तशीच बॅटरीच्या टोकांस लावली, तर मीटर म्हणजे सरळ जोडतार होते व हातात फुटते. नंतर उन्हात पॅनेलांचा दाब मोजावा. एकसर दोन पॅनेलांचा आकडा ४० ते ४४ च्या दरम्यान यावा. २० च्या आसपास आला तर एका पॅनेलची जोड सुटलेली किंवा जोडणी एकसर नाही. आकड्यापूर्वी उणे चिन्ह आले तर धन-ऋण उलटले आहे. अशा स्थितीत पुढे एक पाऊलही टाकू नये. पॅनेल हे उन्हात सदैव जिवंत असते, त्यास बंद करण्याचे बटण नाही. म्हणून त्याच्या तारा हाताळताना त्यावर जाड ताडपत्री टाकावी आणि चालू प्रवाहात जोड-टोप्या कधीही ओढू नयेत.

तिसरी परीक्षा बॅटरीची. काही तास विश्रांती दिलेल्या भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ ते १२.७ व्होल्ट असतो, १२.२ च्या सुमारास ती निम्मी समजावी. सहाही घरांतील आम्लाची घनता हायड्रोमीटरने मोजावी. एखाद्या घराचा आकडा इतरांहून ०.०३० ने किंवा अधिक कमी असेल, तर ती बॅटरी नवी असली तरी परत करावी.

चौथी, जोडण्याचा क्रम. प्रथम बॅटरी कंट्रोलरला जोडावी, म्हणजे तो बॅटरीचा दाब ओळखतो. त्यावर बॅटरीचा प्रकार ठरवावा आणि बॅटरीवर छापलेल्या मर्यादेहून अधिक प्रवाह जाणार नाही, हे पाहावे. मग पॅनेलचा एम. सी. बी. लावावा. त्यानंतर इन्व्हर्टर, बोजाविना. शेवटी एकेक दिवा. सोडविताना हाच क्रम उलटा: आधी बोजा, मग पॅनेल, शेवटी बॅटरी. बॅटरी काढून पॅनेल तसेच ठेवले तर पुष्कळ कंट्रोलर बिघडतात. कारागिराने हा क्रम कंट्रोलरशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून लावावा.

पाचवी परीक्षा बोजाची, आणि ही सहसा कोणी करीत नाही. शंभर वॅटचे दोन जुने पिवळे दिवे इन्व्हर्टरवर लावून तासभर चालू ठेवावेत. बॅटरीतून सुमारे २० अँपिअर जातील. आता बॅटरीच्या टोकांवर दाब मोजावा आणि लगेच इन्व्हर्टरच्या टोकांवर. आपल्या तारेच्या हिशेबाने फरक ०.०६ व्होल्ट यावा. फ्यूज व लग धरून ०.१ ते ०.२ पर्यंत ठीक. फरक अर्धा व्होल्ट आला तर कोठेतरी सैल जोड आहे, हे निश्चित. अर्धा व्होल्ट गुणिले २० अँपिअर म्हणजे १० वॅट उष्णता एका नखाएवढ्या जागी, रोज, तासन्‌तास. आगीची सुरुवात अशीच होते. मीटरची टोके प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंस लावीत गेल्यास दोषी जोड पाच मिनिटांत सापडतो.

सहावी परीक्षा इन्व्हर्टरच्या बाहेरील बाजूची. तेथे २३० व्होल्ट असतात आणि ते वीज कंपनीच्या २३० इतकेच प्राणघातक असतात. पॅनेलची चौकट, इन्व्हर्टरचे अंग व सर्व धातू भूमीस जोडलेले असावेत. आर. सी. सी. बी. बसवून त्याचे परीक्षा-बटण दाबून पाहावे. तथापि नुसते बटण काम करते म्हणून निश्चिंत राहू नये; लहान इन्व्हर्टरच्या न्यूट्रलचा भूमीशी संबंध नसेल, तर गळती झाली तरी आर. सी. सी. बी. तुटत नाही. न्यूट्रल भूमीस जोडावयाचा की नाही, हे त्या इन्व्हर्टरच्या पुस्तिकेप्रमाणे वायरमनने ठरवावे आणि तसे लिहून द्यावे. पावसाळ्यापूर्वीच्या वळवाच्या विजांचा विचार करता पॅनेलच्या बाजूस सर्ज-रक्षकही असणे हिताचे.

दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न

यापुढील गोष्ट केवळ आपल्या मालाची नाही. काही ठिकाणी इन्व्हर्टरमधून दोन टोकांची तार काढून ती घराच्या भिंतीतील प्लगमध्ये खुपसण्याचा प्रकार चालतो. तेथे वीज कंपनीची तार आलेली असेल, तर आपल्या बॅटरीची वीज त्या तारेत शिरते, रोहित्रातून उलट जाऊन हजारो व्होल्टांची होऊ शकते, आणि वीज बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव धोक्यात येतो. जेथे दोन्ही विजा असतील तेथे एका वेळी एकच जोडता येईल असा चेंजओव्हर स्विच अनिवार्य आहे. यास पर्याय नाही.

येथे एका गैरसमजाचाही उलगडा करतो. केंद्र सरकारची २०१० ची राष्ट्रीय सौर योजना आणि फेब्रुवारी २०२४ मधील सूर्यघर योजना यांमुळे शहरातील छपरांवर पुष्कळ पॅनेले आली. त्यांतील बहुतेक व्यवस्था वीज कंपनीच्या तारेशी जोडलेल्या व बॅटरीविना असतात. कंपनीची वीज गेली की त्याही बंद पडतात. तो दोष नव्हे. लाइनमनच्या रक्षणासाठी त्यांची रचनाच तशी असते. म्हणून शहरातील छपरावरील इन्व्हर्टर मळ्यावर नेऊन बसविता येत नाही, आणि मळ्यावरील इन्व्हर्टर शहरातील तारेस जोडता येत नाही.

रोजमेळाप्रमाणे नोंदवही

शिशाची बॅटरी हा १८५९ मध्ये फ्रान्सच्या प्लांते यांनी लावलेला शोध. सिलिकॉनचे सौर घट अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाले. दोन्ही गोष्टी आता पुरेशा जुन्या व परीक्षित आहेत. अपघात होतात ते जोडांत, फ्यूजच्या अभावी आणि मालकाच्या दुर्लक्षाने.

म्हणून बॅटरीच्या कपाटास एक वही दोरीने बांधून ठेवावी. पहिल्या पानावर परीक्षेच्या दिवशीचे सर्व आकडे, वायरमनची सही व दिनांक. पुढे दर महिन्यास बॅटरीचा दाब, सहा घरांची घनता, पाण्याची पातळी व सर्व बोल्ट आवळल्याची नोंद. मागील महिन्याच्या आकड्याशी मेळ बसला नाही, तर कारण शोधल्याखेरीज पुढे जाऊ नये. रोजमेळात एक रुपया कमी पडला तर आपण दिवाणजीस घरी जाऊ देत नाही, तीच शिस्त. शेजारी कोरड्या पावडरचे अग्निशामक यंत्र व वाळूच्या दोन बादल्या असाव्यात. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. बॅटरी संपली की ती भंगारवाल्यास न देता विक्रेत्याकडे परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी तशी व्यवस्था केलेली आहे, आणि शिशाचे विष आपल्याच विहिरीत उतरू नये, हेही त्यात आले.

मळ्यावर रात्री राहणारा राखणदार, वखारीत दिवा लावणारा हमाल, सुट्टीत तेथे खेळणारी आपली मुले-नातवंडे यांपैकी कोणीही ती जोडणी करणाऱ्यास ओळखत नाही. ते मालकास ओळखतात आणि त्याच्या विश्वासावर बटण दाबतात. हा विश्वास पावतीने सिद्ध होत नाही; तो मोजून पाहिलेल्या आकड्याने सिद्ध होतो. ज्या सभासद बंधूंकडे अशी व्यवस्था आहे, त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी एक दिवस काढून वायरमनसह वरील सहा परीक्षा कराव्यात, आणि संघाने एखाद्या रविवारी हे सर्व प्रत्यक्ष दाखविण्याची योजना करावी, अशी आमची नम्र विनंती आहे. त्या दिवशी मल्टिमीटर घेऊन आम्ही हजर राहूच.